ॲव्होकॅडो

(लॅ. पर्सिया अमेरिकाना, कुल-लॉरेसी). दालचिनी, तमालपत्र व कापूर यांच्या कुलातील सदापर्णी फळवृक्ष. मूलस्थान मेक्सिको व मध्य अमेरिका. नाहुआत्ल भाषेतील ‘आवाकात्ल’वरून स्पॅनिश ‘आग्वाकाते’ हे नाव आले. मार्तीन फर्नांदेस दे एन्सीसो यांच्या १५१९ च्या ग्रंथात त्याचे वर्णन आहे. कर्नाटकात ‘बटर फ्रूट’ हे नाव रूढ.

वर्णन : उंची सु. २० मी. पर्यंत. पाने साधी, एकाआड एक. फळ एकबीजी मृदुफळ. मगज पिवळट हिरवा, लोण्यासारखा.

फुलण्याची रीत : या वृक्षाचे खरे वैशिष्ट्य हेच. फूल लहान, पिवळट हिरवे, द्विलिंगी. परिदले सहा, कार्यक्षम केसरदले नऊ. परागकोश झडपांनी उघडतात. प्रत्येक फूल दोनदा उमलते : प्रथम स्त्री-अवस्थेत, मिटून पुन्हा पुरुष-अवस्थेत. या वेळांनुसार वाणांचे ‘अ’ व ‘ब’ असे दोन गट. ‘अ’ गटातील फूल पहिल्या दिवशी सकाळी स्त्री व दुसऱ्या दिवशी दुपारी पुरुष असते. ‘ब’ गटातील पहिल्या दुपारी स्त्री व दुसऱ्या सकाळी पुरुष. त्यामुळे एका गटाचे पराग दुसऱ्याच्या नेमक्या वेळी उपलब्ध होतात आणि मधमाश्या ते पोहोचवतात. थंडीत हे वेळापत्रक विस्कटते व दोन्ही अवस्था एकाच झाडावर आढळतात. म्हणून एकटे झाड कधी फळते, कधी नाही. बहरूनही न फळणारे झाड वांझ समजून तोडू नये. जवळ दुसऱ्या गटाचे झाड लावून पाहावे. अनुकूल स्थितीतही हजार फुलांमागे एखादेच फळ धरते.

प्रकार : मेक्सिकन, ग्वातेमालन व वेस्ट इंडियन असे तीन सामान्यतः मानतात. ‘हास’ (अ) वाण कॅलिफोर्नियातील टपाल कर्मचारी रुडॉल्फ हास यांच्या बागेतील एका रोपापासून आला, पेटंट १९३५. जगभरची हास झाडे त्याच झाडाची कलमवंशज आहेत. ‘फुएर्ते’ ब गटातील.

लागवड : निचऱ्याची जमीन अत्यावश्यक, पाणी साचल्यास फायटोप्थोरा या बुरशीसदृश जीवाने मुळे कुजतात. बियांपासूनच्या रोपांत मातृवाणाचे गुण उतरत नाहीत, म्हणून कलमे करतात. फळ झाडावर पिकत नाही; तोडल्यावर मऊ होते. भारतात कोडगू, तमिळनाडू, केरळ व सिक्कीम येथे, महाराष्ट्रात थोडी.

उपयोग : मगजात स्निग्धांश भरपूर, मुख्यतः ओलेइक अम्ल, मगजापासून तेल काढतात. मेक्सिकोत ग्वाकामोले करतात, बंगळूरूत दूध-साखर घालून पेय. मेक्सिकन प्रकाराची बडीशेपेच्या वासाची पाने घेवड्याच्या उसळीत घालतात. पानांतील पर्सिन शेळ्या, घोडे व पक्षी यांना घातक.

लाकूड : ठिसूळ.