तंजावरचा धन्वंतरी महाल आणि नेत्ररुग्णांचे कागद

तंजावरच्या सरस्वती महालाची कीर्ति पोथ्यांच्या संग्राहकांस नव्यानें सांगावयास नको. तेथील संस्कृत ग्रंथांची मोजदाद बर्नेल यांनीं १८८० मध्येंच प्रसिद्ध केली, आणि मराठी पोथ्याही तीन हजारांच्या वर आहेत. परंतु ज्या राजानें हा संग्रह वाढविला त्याच्याच पदरीं असलेल्या धन्वंतरी महालाकडे आमच्या संशोधकांचें लक्ष त्या मानानें थोडें गेलें आहे. त्या महालांतील नेत्ररुग्णांचे कागद सरस्वती महालांत शिल्लक आहेत. त्यांचा विचार येथें करावयाचा आहे. हे कागद म्हणजे एका हौशी राजाचा विरंगुळा, कीं धर्मादायाच्या द्रव्यानें चाललेलें खरेंखुरें संशोधन, हा प्रश्न आमच्या मतें विचारणीय आहे.

प्रथम राजाची स्थिति ध्यानांत घेतली पाहिजे. दुसरे सरफोजी महाराज १७७७ मध्यें जन्मले व १७९८ मध्यें गादीवर आले. पुढच्याच वर्षीं, २५ आक्टोबर १७९९ रोजीं, झालेल्या तहानें राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. महाराजांकडे तंजावरचा किल्ला व त्याचा परिसर, सालीना एक लक्ष होन आणि वसुलाचा पांचवा हिस्सा एवढेंच राहिलें. फौज नाहीं, मुलूखगिरी नाहीं, न्यायनिवाडाही बव्हंशीं नाहीं. अशा वेळीं पुष्कळ संस्थानिकांनीं पैसा चैनींत घालविला. ह्या राजानें तो ग्रंथ, छापखाना, शाळा व औषधें यांवर घातला. श्वार्ट्झ या मिशनरी गुरूच्या हाताखालीं त्यांचें शिक्षण झालें होतें. १८२६ मध्यें भेटीस आलेल्या बिशप हेबर यांस महाराजांच्या तोंडीं लाव्हाझिए व लिनीअस यांचीं नांवें सहज ऐकावयास मिळालीं.

धर्मादायाची परंपरा मात्र सरफोजींनीं नव्यानें निर्माण केली नाहीं. तंजावरचीं छत्रें त्यांच्या पूर्वजांपासून चालत आलीं होतीं. कारभार हातचा जातांच महाराजांस पहिली काळजी ह्या छत्रांची लागली. १८०१ मध्यें त्यांनीं रेसिडेंटास जें पत्र पाठविलें त्यांत छत्रांची रीत सविस्तर सांगितली आहे. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत प्रत्येक वाटसरूस अन्न मिळे. मध्यरात्रीं घंटा वाजवून अजून कोणी उपाशी आहे काय याची हांक दिली जाई. प्रत्येक छत्रांत वेदांचा अध्यापक, पंतोजी आणि वैद्य असे. आजारी वाटसरूस बरा होईपर्यंत ठेवून घेत, आणि पोरक्या मुलांस पंतोजीच्या हवालीं करीत. हें पत्र वाचतांना राजाचा हेतु स्पष्ट दिसतो. राज्य गेलें तरी चालेल, पण ही घंटा बंद पडूं नये, असा त्याचा आशय आहे. १८०२ मध्यें ओरतनाडू येथें त्यांनीं मुक्तांबा छत्र उभारलें तें ह्याच भावनेनें.

छत्रांतील वैद्य व धन्वंतरी महाल यांत आम्ही एक भेद करतों. छत्रांत उपचार होता, पण त्या वाटसरूचें पुढें काय झालें हें टिपून ठेवण्याचें तेथें प्रयोजन नव्हतें. धन्वंतरी महालांत तें झालें. तेथें देशी वैद्य व युरोपियन डाक्टर यांस एकत्र बसविलें होतें. अनुभवसिद्ध औषधांचा तमिळ पद्यांत जो संग्रह झाला तो ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नांवानें प्रसिद्ध असून त्याचा एक भाग केवळ नेत्ररोगांचा आहे. आणि चाळीसांहून अधिक नेत्ररुग्णांचे इंग्रजी कागद तेथें सांपडतात. रोग्याची पूर्वस्थिति, केलेला उपचार, नंतरची अवस्था आणि कित्येक ठिकाणीं रोगट डोळ्याचें रंगीत चित्र, असा त्यांचा घाट आहे.

आम्हीं आयुष्याचा बराच काळ संस्कृत ग्रंथ शिकविण्यांत घालविला, म्हणून ह्या कागदांचें वेगळेपण आम्हांस विशेष जाणवतें. सुश्रुताच्या उत्तरतंत्रांत डोळ्याचे शहात्तर रोग मोजले असून सतराव्या अध्यायांत कफज लिंगनाशावर शलाकेनें वेध करण्याचा विधि आहे. वेधानंतर रोग्यानें शिंकूं नये, खोकूं नये, हेंही तेथें सांगितलें आहे. परंतु सुश्रुत विधि सांगतो, रोगी सांगत नाहीं. अमक्या मनुष्याचा डोळा वेधानंतर कसा होता, ही माहिती शास्त्रग्रंथाच्या कक्षेबाहेरची. तंजावरचे कागद नेमके तेथून सुरू होतात. नियमाची परीक्षा व्यक्तीवर होते, आणि ती लिहून ठेवल्यावांचून पुढच्या वैद्यास तिचा उपयोग नाहीं. चित्रकार, लेखक, कागद व औषध यांस पैसा लागतो. तो दरबारानें दिला, म्हणूनच ह्या नोंदी झाल्या.

येथें एका लोकप्रिय समजुतीविषयीं सावधपणें बोललें पाहिजे. महाराज स्वतः मोतीबिंदू काढीत, असें अलीकडे पुष्कळ ठिकाणीं लिहिलेलें आढळतें. कागद राजाच्या संग्रहांत आहेत, एवढ्यावरून शस्त्र राजाच्या हातीं होतें असें सिद्ध होत नाहीं. महालांत डाक्टर नेमलेले होते हें विसरतां कामा नये. शस्त्र कोणाच्या हातीं होतें याहून खर्च कोणी सोसला व नोंदीचा आग्रह कोणी धरला, हा प्रश्न इतिहासदृष्ट्या अधिक मोलाचा आहे. त्याच्या उत्तरानें राजाचा मोठेपणा यत्किंचितही कमी होत नाहीं.

याच काळांत इतरत्र काय चाललें होतें? ईजिप्तच्या मोहिमेंतून परतलेल्या सैनिकांनीं डोळ्यांची सांथ इंग्लंडांत नेली. तेव्हां साँडर्स नांवाच्या शस्त्रवैद्यानें १८०५ मध्यें लंडनांत गरिबांसाठीं नेत्रांचा दवाखाना काढला. तो नागरिकांच्या वर्गणीवर चालला, आणि पुढें मूरफील्ड्स या नांवानें जगद्विख्यात झाला. १८१९ मध्यें कंपनीनें मद्रासेंत नेत्ररुग्णालय स्थापिलें. म्हणजे वर्गणी, सरकार आणि राजाश्रय अशा तीन वाटांनीं एकच कार्य एकाच पिढींत चाललें होतें. त्यांपैकीं लंडनचें व मद्रासचें रुग्णालय अद्याप नांदतें आहे. तंजावरचें मात्र उरलें नाहीं. सरफोजी १८३२ मध्यें वारले, पुत्र शिवाजी १८५५ मध्यें निपुत्रिक वारतांच राज्य खालसा झालें. एकाच दात्याच्या ओंजळींतलें दान त्या दात्याबरोबर आटतें, हा ह्यांतील कटु बोध आहे.

तरीही कागद वांचले, कारण ते ग्रंथालयांत होते. राजाच्या वंशजांनीं संग्रह लोकांच्या स्वाधीन केल्यावर १९१८ मध्यें सरस्वती महाल सार्वजनिक झाला. एकविसाव्या शतकांत ह्या नेत्ररुग्णांच्या कागदांचा अभ्यास करून ते वैद्यकीय जगापुढें मांडण्यांत चेन्नईच्या शंकर नेत्रालयांतील नेत्रवैद्यांनीं पुढाकार घेतला. तें नेत्रालय डाक्टर बद्रीनाथ यांनीं १९७८ मध्यें धर्मादाय संस्था म्हणून स्थापिलें. एका धर्मादायानें लिहविलेलें दुसऱ्या धर्मादायानें वाचलें. मधलीं दीडशें-पावणेदोनशें वर्षें तें केवळ जपून ठेवणाऱ्यांच्या हातीं होतें.

म्हणून पोथ्यांच्या संग्राहकांस आमची एक विनंति आहे. जुन्या घराण्याचें दप्तर उघडतांना आपण सनदा, बखरी व पत्रें बाजूस काढतों, आणि औषधांच्या याद्या, वैद्याचे हिशेब, छत्राचे रोजखर्च यांचे मोडी रुमाल रद्दीच्या ढिगांत टाकतों. तंजावरचें सारें जमाखर्ची दप्तर मोडींतच आहे. धन्वंतरी महालाच्या चित्रकारास काय मिळे, औषधांचा खर्च कोणत्या खात्यावर पडे, दृष्टि न परतलेल्या रोग्यास पुढें अन्न कोठें मिळे, हीं उत्तरें असलींच तर अशा रुमालांत असणार. ते वाचणारे डोळे आतां थोडे उरले आहेत. मोडी जाणणाऱ्या एखाद्या तरुणास वर्षभर पोसण्याइतका निधि कोणा दात्यानें दिला, तर सरफोजी महाराजांच्या दानाची परंपरा खंडित झाली नाहीं असें म्हणतां येईल.