शत्रूच्या घरातली कात्री

१९८७ साली ओसाका विद्यापीठात योशिझुमी इशिनो आणि त्यांचे सहकारी ई. कोलाय या जीवाणूच्या एका जनुकाची अक्षरे वाचत होते. जनुकाच्या शेजारी २९ अक्षरांचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा येत होता आणि मधल्या जागी दर वेळी वेगळीच ३२ अक्षरे. याचे जैविक प्रयोजन कळत नाही, असे लिहून त्यांनी निबंध संपवला. हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो.

प्रयोजन कळायला २००५ उजाडले. स्पेनचे फ्रान्सिस्को मोहिका आणि फ्रान्समधले दोन गट यांच्या स्वतंत्रपणे लक्षात आले, की मधली बरीचशी अक्षरे जीवाणूंवर जगणाऱ्या विषाणूंची, म्हणजे फाजांची आहेत. जीवाणूने जुन्या हल्लेखोरांची नोंद ठेवली होती! २००७ मध्ये डॅनिस्को कंपनीच्या संशोधकांनी दह्याच्या विरजणातल्या जीवाणूवर हे प्रयोगाने दाखवले. पुढचे कॅस९, शार्पांतिए-डाउडना आणि २०२० चे नोबेल सर्वांना ठाऊक आहे.

क्रिस्पर म्हणजे जीवाणूची ढाल, असेच मीही वर्षानुवर्षे सांगत आलो. ते २०२० मध्येच बदलावे लागले. ‘विषाणू’ म्हटले की एकच नाव आठवण्याचे ते दिवस. बर्कलीच्या दोन निबंधांकडे कोण बघणार? फेब्रुवारीत जिल बॅनफिल्ड यांच्या गटाने महाकाय फाजांचे वर्णन केले. सर्वांत मोठ्याचा जनुकसंच ७,३५,००० अक्षरांचा होता, आणि काहींजवळ चक्क क्रिस्पर होते. घरफोड्याच्याच दाराला घरमालकाचे कुलूप लागलेले दिसावे, तसा हा प्रकार.

जुलैत बॅनफिल्ड आणि डाउडना यांच्या गटांनी या फाजांतले कॅस-फाय प्रथिन मांडले. ते कॅस९ च्या साधारण निम्मे. मार्गदर्शक आरएनए तासणे आणि डीएनए कापणे, दोन्ही कामे ते एकाच सक्रिय जागेने करते. मानवी आणि वनस्पती पेशींतही ते चालले. लहानपणाचे महत्त्व वाहतुकीत आहे. पेशीत असे साहित्य पोहोचवायला वापरला जाणारा एएव्ही विषाणू जेमतेम ४,७०० अक्षरे वाहतो, त्यांतली ४,१०० एकट्या कॅस९ च्या जनुकाला लागतात.

फाजाला ही कात्री हवी कशाला? संशोधकांचा तर्क असा, की एकाच जीवाणूवर हक्क सांगणाऱ्या दुसऱ्या फाजाला कापायला. नवी नोंद करणारी कॅस१ आणि कॅस२ ही प्रथिने मात्र कॅस-फायच्या यंत्रणेत नाहीत.