शर्करावाहक प्रथिने

वनस्पतींच्या पेशीपटलातून शर्करेची ने-आण करणारी प्रथिने. पहिला सुक्रोजवाहक जनुक १९९२ मध्ये पालकातून वेगळा करण्यात आला; ‘स्वीट’ हा गट २०१० मध्ये उजेडात आला.

सुक्रोजवाहक ‘सूट’ प्रथिनाची साखळी पटलातून १२ वेळा आरपार जाते. ते प्रोटॉनच्या ओघाबरोबर सुक्रोज पेशीत खेचते (पहा : परिकाष्ठ). ‘स्वीट’ प्रथिनात असे ७ आरपार भाग असतात : तीन, जोडणारा एक, पुन्हा तीन. ते ऊर्जा न खर्चता शर्करा जास्त संहतीकडून कमी संहतीकडे सोडते.

मुळशीच्या खाचरांतील आंबेमोहर, इंद्रायणी भाताचा दाणा चिकात असताना दाबला तर पांढरा रस येतो. त्यातील स्टार्च (पहा : प्रकाशसंश्लेषण) पानातून आलेल्या शर्करेपासूनच बनतो. भातात दाणा भरण्यासाठी स्वीट-११ फार मोलाचे आहे. नेमका त्याचाच जनुक कडा करपा रोगाचे झँथोमोनास जीवाणू चालू करतात आणि पेशीबाहेर आलेल्या शर्करेवर पोसतात (पहा : भात). जनुकाच्या नियंत्रक भागात बदल असलेला ‘एक्सए-१३’ हा प्रकार त्यांना दाद देत नाही. ‘सुधारित पुसा बासमती १’ या वाणात तो आणलेला आहे.