अ‍ॅव्हरेज नावाचा आजार

शेजाऱ्याने गाडी घेतली की रंग, सीट, हॉर्न यांकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. पहिला प्रश्न एकच : "अ‍ॅव्हरेज किती देते?" बी.कॉम.ला अ‍ॅव्हरेज काढताना घाम फुटलेली मंडळीसुद्धा आपल्या गाडीचे अ‍ॅव्हरेज दशांश चिन्हासकट सांगतात. अर्थात दोनाने वाढवूनच.

हा प्रश्न वाटतो तितका पुरातन नाही. आमच्या शेजारच्या सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स काढली. पुढे तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० बाहेर पडू लागली. इंजिन १०८९ सीसीचे, अंगकाठी आटोपशीर. पण ती मिळायची नंबर लावून, वर्षानुवर्षे वाट पाहून. इतक्या नवसाने मिळालेला जावई जेवतो किती, हे कोण मोजणार?

मध्यंतरी १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे आली. गॅलनला तीस मैल देणारी गाडी लिटरला साडेदहा किलोमीटरच देऊ लागली! गाडी तीच, रस्ता तोच, आकडा मात्र तीसवरून दहावर. अ‍ॅव्हरेज पडल्याचा हा पहिला धक्का. तो निव्वळ कागदावरचा होता.

खरा धक्का १९७३ चा. ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध पेटले आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव पिंपामागे तीन डॉलरवरून बारा डॉलरच्या आसपास गेला. आपल्याकडेही पेट्रोल भडकले. त्या नोव्हेंबरात अटलबिहारी वाजपेयी निषेध म्हणून बैलगाडीतून संसदेत गेले. बैलाचे अ‍ॅव्हरेज कोणी विचारल्याची नोंद नाही. पण त्या दिवसापासून घरोघरच्या फियाटी मात्र संशयित झाल्या. आणि संशय एकट्या गाडीवर कधीच थांबत नाही.

ईटला त्या काळातली एक गोष्ट जुनी माणसे अजून सांगतात. ईट म्हणजे भूम तालुक्यातले, बालाघाटाच्या मुलखातले गाव. जिल्हा तेव्हा उस्मानाबाद, आता धाराशिव. तिथल्या एका डॉक्टरांची जुनी फियाट लिटरला बारा द्यायची, ती एकाएकी आठवर आली. डॉक्टरांनी निदान करायला वेळ लावला नाही : ड्रायव्हर पेट्रोल विकतो! पंधरा वर्षे गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरमामांच्या हाती पेट्रोलचे पैसे द्यायचे बंद झाले. गावभर कुजबूज झाली. मामा एवढेच म्हणाले, "डॉक्टरसायब, म्या काय पेट्रोल पितो व्हय?"

बँकेत संध्याकाळी रोकड जुळली नाही की सगळ्यांच्या नजरा आधी शिपायाकडे वळतात, तशातलाच हा प्रकार. फरक सापडतो बेरजेत. पण तोवर शिपायाचा चहा कडू झालेला असतो.

शेवटी गाडी बार्शीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेली. त्याने कोणावर आळ घेतला नाही. आधी टाकी काठोकाठ भरली, किलोमीटरचा आकडा लिहून घेतला, गाडी फिरवली आणि त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरली. दुसऱ्यांदा जितके लिटर बसले, त्याने किलोमीटरला भागले. उत्तर आठच! म्हणजे मिस्त्री स्वतः शेजारी बसलेला असतानाही गाडी आठच देत होती. मामा तिथेच निर्दोष सुटले.

मग खरा तपास सुरू झाला. टायरमधली हवा पाहिली. ती कमी असली की इंजिनाला गाडी ओढावी लागते. एअर फिल्टर झटकला. प्लग काढून पाहिला. काजळी धरलेला निघाला असता, तर हवा कमी नि पेट्रोल जास्त जातेय, चोक अडकलाय किंवा कार्बोरेटर बिघडलाय, असे म्हणता आले असते. पण प्लग बिस्किटाच्या रंगाचा, म्हणजे तब्येत ठणठणीत. पॉइंट आणि टायमिंगही ठीक. मग मिस्त्रीने पुन्हा एक फेरी मारली आणि उतरून चारही चाकांच्या ड्रमजवळ हात नेला, ताप बघावा तसा. मागचे डावे चाक फणफणलेले! जॅक लावून चाके हाताने फिरवली. बाकीची गरगर फिरली, हे मात्र अर्ध्या फेरीत थांबले. ब्रेकचा सिलिंडर गंजून अडकला होता. पाय काढला तरी ब्रेक सुटत नव्हता. गाडी ब्रेक दाबूनच बालाघाट चढत होती आणि चोर ठरला होता ड्रायव्हर!

डॉक्टरांनी चाकाचा ताप स्वतःच्या हाताने पाहिला, तो काही बोलले नाहीत. परतताना पंपावर त्यांनी पाकीट काढले आणि सगळेच मामांच्या हातात दिले. मामांनी पेट्रोल भरले, उरलेले पैसे मोजून परत केले, पावतीही दिली. पंधरा वर्षांत पावती त्यांनी पहिल्यांदाच मागून घेतली होती. ती पावती डॉक्टरांना पेट्रोलपेक्षा महाग पडली, असे म्हणतात.

पुढे १९७८ मध्ये सरकारने पेट्रोल बचतीसाठी पीसीआरए ही संस्थाच काढली. फियाटची पद्मिनी झाली, म्हातारी झाली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदलेली. वीस वर्षांची मुदत भरून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून गेली. आता नव्या गाड्या अ‍ॅव्हरेज काचेवर आपणहून दाखवतात. आकडा घसरला की मालक आधी काचेकडे बघतो आणि मग ड्रायव्हरकडे. चाकाला हात लावून बघायची सोय मात्र अजूनही फुकट आहे.