किती लांब बसावे? स्पष्ट चित्राचा इतिहास, तंबूपासून घरापर्यंत

वडूजसारख्या तालुक्याच्या गावातही आता विजेच्या वस्तूंच्या दुकानात टीव्हीच्या खोक्यांवर ‘एचडी’, ‘फुल एचडी’, ‘फोर-के’ असे शिक्के दिसतात. दुकानदार सांगतो, “हा जास्त क्लिअर.” गिऱ्हाईक विचारते, “किती इंची?” पण आणखी एक प्रश्न विचारायला हवा, तो बहुधा कोणीच विचारत नाही : बघणारा किती लांब बसणार? स्पष्ट चित्राचा सारा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो. तो समजला, तर घरात छोटे चित्रपटगृह उभारणे सोपे होते आणि शाळेचा पडदा निवडतानाही चूक टळते.

खटाव तालुक्याला मोठा पडदा नवा नाही. मार्गशीर्षात पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा भरते. सातारा जिल्ह्यातील अशा यात्राजत्रांतून फिरते सिनेमे येत. मालमोटारीतून पडदा, प्रक्षेपक, जनित्र आणि तंबूचे कापड यायचे. रान सपाट करून तंबू ठोकला की प्रेक्षक जमिनीवरच मांडी घालून बसत. पडदा ३ मीटर उंच असेल, तर तंबूच्या मध्यावर बसलेला माणूस त्यापासून साधारण ९ मीटरवर, म्हणजे पडद्याच्या उंचीच्या तिप्पट अंतरावर असे. हा ‘तिप्पट’ आकडा लक्षात ठेवावा. तो पुढे जपानमध्ये पुन्हा भेटणार आहे.

तंबूच्याही आधी, १८९२ पासून, कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने काचेवर रंगवलेल्या चित्रांचे खेळ केले. दिव्याचा प्रकाश काचेतून आणि भिंगातून जाऊन पडद्यावर पडे. चित्र दुप्पट रुंद केले की तोच प्रकाश चौपट क्षेत्रावर पसरतो आणि तेज एक चतुर्थांश उरते. मोठे चित्र हवे तर अंधार हवा, हा धडा तेव्हाचाच आहे. आजच्या प्रोजेक्टरलाही त्यातून सुटका नाही.

आता दूरचित्रवाणीकडे वळू. ‘हाय डेफिनिशन’ हा शब्द आपल्याला अलीकडचा वाटतो, पण तो नव्वद वर्षांचा आहे. दूरचित्रवाणीचे चित्र आडव्या ओळींनी बनते. सुरुवातीच्या यांत्रिक संचांत जेमतेम ३० ओळी असत. माणसाचा चेहरा ओळखू आला तरी पुष्कळ! १९३५ मध्ये ब्रिटनमधील एका सरकारी समितीने ठरवले, की किमान २४० ओळी असतील तरच त्याला ‘उच्च स्पष्टतेची’ सेवा म्हणावे. २ नोव्हेंबर १९३६ रोजी बीबीसीची अशी सेवा लंडनमध्ये सुरू झाली. त्यात बेअर्डची २४० ओळींची आणि मार्कोनी-ईएमआयची ४०५ ओळींची अशा दोन पद्धती आलटून पालटून वापरल्या गेल्या. काही महिन्यांतच ४०५ ओळींची पद्धत टिकली. त्या काळचे ‘एचडी’ ते हेच. पुढे भारताने स्वीकारलेल्या पद्धतीत ६२५ ओळी होत्या, त्यांपैकी चित्राच्या म्हणून ५७६.

किती ओळी म्हणजे पुरेशा? याचे उत्तर यंत्रात नाही, डोळ्यात आहे. निरोगी डोळ्याला दोन बिंदू वेगळे दिसण्यासाठी त्यांच्यामध्ये अंशाच्या साठाव्या भागाएवढा, म्हणजे एका कलेचा कोन व्हावा लागतो. १ मिलिमीटरची रेघ सुमारे ३.४ मीटरवरून पाहिली, तर एवढाच कोन होतो. थोडक्यात, अंतर हे रेघेच्या सुमारे ३४३८ पट झाले की शेजारच्या रेघा एकमेकींत मिसळतात. आता भागाकार करून पाहा. ३४३८ ला ५७६ ने भागले तर ६ येतात. म्हणजे जुन्या टीव्हीच्या ओळी दिसू नयेत यासाठी चित्राच्या उंचीच्या सहापट लांब बसायला हवे. तेवढ्या अंतरावरून ४:३ आकाराचे चित्र डोळ्याशी फक्त १३ अंशांचा कोन करते. हात सरळ लांब करून मूठ धरली तर ती सुमारे १० अंश व्यापते. म्हणजे जुना टीव्ही मुठीहून थोडाच मोठा! तंबूतला प्रेक्षक चित्राच्या आत बसल्यासारखा वाटे आणि घरातला प्रेक्षक खिडकीतून डोकावल्यासारखा, याचे हे एक मोठे कारण.

त्या खिडकीतूनही सर्वांना नीट दिसत नसे. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि १९७३ मध्ये सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे पुण्याला चित्र दिसू लागले. वडूज तेथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरहून दूर, आणि मध्ये महादेवाच्या डोंगररांगा. दूरचित्रवाणीच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, डोंगराला वळसा घालून फारशा येत नाहीत. १९८२ मध्ये दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या वर्षी रंगीत प्रक्षेपण आले. १९८४ च्या सुमारास देशभर लहान प्रक्षेपक झपाट्याने उभे राहिले, तरी त्यांची कक्षा थोड्या किलोमीटरची असे. कक्षेच्या कडेच्या गावांत लोखंडी पाइपावर अँटेना चढवायची, बूस्टर लावायचा, एकाने वर फिरवायची आणि दुसऱ्याने खालून “आलं, आलं!” म्हणून ओरडायचे. तरी पडद्यावर मुंग्या. कागदावर ओळी ५७६ होत्या. डोळ्यापर्यंत त्यातल्या किती पोचत, हा भाग वेगळा.

जपानमध्ये मात्र वेगळा प्रश्न विचारला जात होता. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेने पुढच्या पिढीच्या दूरचित्रवाणीवर संशोधन हाती घेतले. ‘आणखी किती ओळी बसवता येतील?’ एवढेच त्यांनी विचारले नाही. चित्र केवढे मोठे दिसले की माणसाला आपण तेथे असल्यासारखे वाटते, हे त्यांनी माणसांना बसवून तपासले. उत्तर आले, आडवा सुमारे ३० अंशांचा कोन, म्हणजे लांब केलेल्या हाताच्या तीन मुठी. त्यासाठी चित्राच्या उंचीच्या तिप्पट अंतरावर बसावे लागते. एवढ्या जवळून ओळी दिसू नयेत म्हणून त्या हजारांहून अधिक हव्यात. म्हणून त्यांनी ११२५ ओळींची पद्धत बांधली. पुढे जगाने चित्राच्या १०८० ओळी मान्य केल्या. ३४३८ ला १०८० ने भागा, ३.२ येतात. तंबूच्या मध्यावर मांडी घालून बसलेल्याचे अंतर प्रयोगशाळेतून हिशेबाने परत आले ते असे.

पडद्याचा आकारही असाच हिशेबाचा. जुना टीव्ही ४:३, म्हणजे १.३३, १९५३ पासून आलेला सिनेमास्कोप २.३५ च्या आसपास. दोघांना कमीत कमी काटछाट करून सामावणारा आकार कोणता? या दोन संख्यांचा भूमितीमध्य काढला तर १.७७ येतो, आणि १६:९ म्हणजे १.७८. अमेरिकन अभियंता कर्न्स पॉवर्स यांनी १९८० च्या दशकात हा आकार सुचवला. सिनेमास्कोप चित्रपट पाहताना वर-खाली काळ्या पट्ट्या दिसतात, तो टीव्हीचा बिघाड नव्हे. ती या तडजोडीची खूण आहे.

जपानी पद्धत सदृश, म्हणजे अॅनालॉग होती आणि तिला उपग्रहाची भरपूर जागा लागे. १९९० मध्ये अमेरिकेत पूर्ण अंकीय पद्धत पुढे आली आणि १९९६ मध्ये ती तेथे प्रमाण ठरली. संकोचन न केलेला एचडी संकेत सेकंदाला सुमारे दीड अब्ज बिट इतका होतो. तो १.९ कोटींच्या आसपास आणून एका जुन्या वाहिनीच्या जागेत बसवला गेला. शेजारच्या बिंदूंत आणि लागोपाठच्या चित्रांत जे तेच ते असते, ते पुन्हा पाठवायचे नाही, हे त्यातले मुख्य तत्त्व. भारतात २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा दूरदर्शनने एचडीत दाखवल्या. घरावरच्या छत्रीमुळे डोंगर आडवा येईनासा झाला, कारण उपग्रह वरून पाहतो. मुंग्याही गेल्या. अंकीय चित्र एकतर स्वच्छ दिसते, नाहीतर थिजते.

आता घरातला हिशेब करू. आधी खुर्ची किंवा गादी कोठे असेल ते ठरवा, मग टीव्ही. बसण्याच्या अंतराला दीडने भागले की १०८० ओळींचा पुरा लाभ देणाऱ्या पडद्याचा कर्ण साधारण मिळतो. ३ मीटरसाठी तो २ मीटरच्या जवळ, म्हणजे सुमारे ७५ इंच येतो. त्याच ३ मीटरवर ४३ इंची टीव्ही ठेवला, तर त्याची उंची ५३ सेंटिमीटर आणि आपण तिच्या साडेपाच-सहा पट लांब. तेथून डोळा सहाशेच्या आसपास ओळीच वेगळ्या करू शकतो, जुन्या टीव्हीहून थोड्याच अधिक. अशा ठिकाणी ‘फोर-के’च्या २१६० ओळींसाठी मोजलेले जादा पैसे डोळ्यापर्यंत पोचत नाहीत. रंग किंवा काळ्या भागाची खोली यांत नव्या संचात फरक असू शकतो. तो मात्र दुकानात प्रत्यक्ष पाहून ठरवावा. टीव्हीसमोर खिडकी नको, आणि पडद्याचा मध्य बसलेल्याच्या डोळ्याच्या उंचीजवळ असावा.

चित्रानंतर आवाज. येथेही इतिहास कामाला येतो. १८९५ मध्ये अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या एका नव्या व्याख्यानगृहात बोललेले समजेना. एकेक शब्द साडेपाच सेकंद घुमत राही. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाने रात्री शेजारच्या नाट्यगृहातील गाद्या उचलून आणल्या आणि किती गाद्यांनी घुमारा किती कमी होतो ते मोजले. त्यातून सूत्र निघाले : घुमाऱ्याचा काळ सेकंदांत = ०.१६ × खोलीचे घनफळ ÷ आवाज शोषणारे एकूण क्षेत्रफळ. स्लॅब, गिलावा आणि शहाबादी फरशीची ४२ घनमीटरची रिकामी खोली घेतली, तर शोषण दोन चौरस मीटरही भरत नाही. घुमारा साडेतीन सेकंदांच्या पुढे जातो. त्याच खोलीत गाद्या, जाड पडदे आणि भिंतीवर दोन-चार वाकळा टाकून शोषण सात-आठ चौरस मीटर केले, की तो एका सेकंदाखाली येतो. महागडे स्पीकर घेण्याआधी वाकळा टांगून पाहाव्यात. तंबूत घुमारा नसे, कारण कापडाबाहेर गेलेला आवाज परत येत नसे.

स्पीकर पाच असतील, तर मधला पडद्याखाली ठेवावा, कारण संवाद मुख्यतः त्यातूनच येतात. डावा-उजवा मध्यापासून ३०-३० अंशांवर आणि उरलेले दोन बसणाऱ्याच्या बाजूला, किंचित मागे. खर्जाचा स्पीकर मात्र कोठेही चालतो, कारण अगदी खालच्या स्वरांची दिशा कानाला नीट कळत नाही.

हा सारा हिशेब शाळेत अधिक निकडीचा आहे. २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमानंतर अनेक शाळांनी लोकवर्गणीतून टीव्ही घेतले. समजा, वर्गात ४३ इंची टीव्ही आहे आणि शेवटची रांग ६ मीटरवर. हे अंतर पडद्याच्या उंचीच्या अकरापट झाले. खोक्यावर कितीही मोठा आकडा असो, मागच्या मुलीला सुमारे ३०० ओळींचेच चित्र दिसते. डोळे तपासण्याचा तक्ता ६ मीटरवरूनच वाचतात, आणि निरोगी डोळ्याने वाचायची त्यावरची ओळ सुमारे ९ मिलिमीटर उंचीची असते. ती डोळ्याची कसोटी आहे, वाचनाचे माप नव्हे. मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरे सहज ओळखू यायला अक्षर त्याच्या अडीच-तीन पट हवे, म्हणजे त्या पडद्यावर जेमतेम दहा ओळी. घरी चित्र अंधुक दिसले तर आपण पुढे सरकतो. वर्गात मूल जागचे हलत नाही आणि दिसत नाही असे सांगतही नाही. ते गप्प बसते, आणि आपण समजतो की त्याला विषय कळला नाही.

म्हणून एक प्रयोग सुचवतो. पट्टी आणि दोरी मुलांच्या हाती द्या. पडद्याची उंची मोजायला लावा, त्या उंचीच्या तीन, सहा आणि नऊ पट अंतरांवर जमिनीवर खडूने रेघा ओढा, आणि प्रत्येक रेघेवरून एकच मजकूर वाचायला सांगा. हात लांब करून पडदा किती मुठींचा भरतो तेही मोजू द्या. कोन, गुणोत्तर आणि दृष्टी हे तीन धडे एकाच तासात होतील. शिवाय चष्म्याची गरज असलेले एखादे मूल त्या दिवशी आपल्या लक्षात येईल.