मिलिलिटरचं माप, अक्षराचं माप
कर्करोगामुळे स्तन काढावा लागला, तर काही जणींना डॉक्टर इम्प्लांट सुचवतात. मग हळूच प्रश्न येतो, “ब्राचं माप काय होईल?” आम्ही गटात याचा इतिहास समजून घेतला.

ब्राच्या कपांना ए, बी, सी, डी ही अक्षरं अमेरिकेत १९३२ साली कॅम्प कंपनीनं लावली. सिलिकॉनचं इम्प्लांट तीस वर्षांनी आलं. १९६२ साली ह्यूस्टनमध्ये क्रोनिन आणि जेरो या डॉक्टरांनी टिमी जीन लिंडसे यांच्यावर ती पहिली शस्त्रक्रिया केली.

दोन्ही मापं वेगळी. इम्प्लांट मिलिलिटरमध्ये मोजतात. कप म्हणजे स्तनांवरचा घेर आणि स्तनांखालचा घेर यांतला फरक. तेवढंच पाणी पेल्यात वर चढतं, परातीत पसरतं. तसे ३०० मिलिलिटर अरुंद छातीवर जास्त दिसतात, रुंद छातीवर कमी. शिवाय प्रत्येक कंपनीच्या ब्राचं माप थोडं निराळं.

म्हणून “सी कप नक्की करून देतो” या शब्दावर निर्णय घेऊ नका. छातीची रुंदी किती, त्वचा किती ताण सोसेल, ते डॉक्टरांना विचारा. इम्प्लांट जन्मभर टिकेलच असं नाही. पुढं पुन्हा शस्त्रक्रिया लागू शकते. तिच्या खर्चाचंही आधीच विचारून ठेवा.