सुरतेची कादंबरी आणि तिची पारख

कादंबरी करमणुकीसाठी आणि समीक्षा अभ्यासकांसाठी, हा समज आपल्याकडे इतका मुरला आहे की दोन्ही आवडीने वाचणारा माणूस अपवाद वाटतो. एकोणिसाव्या शतकातल्या सुरतेकडे पाहिले तर हा समज टिकत नाही. गुजरातीतली पहिली कादंबरी मानली जाणारी ‘करण घेलो’ सुरतेच्या नंदशंकर मेहतांनी लिहिली आणि ती 1866 मध्ये प्रसिद्ध झाली. लगेच 1867 मध्ये सुरतेच्याच नवलराम पंड्यांनी तिचे परीक्षण केले आणि गुजराती ग्रंथसमीक्षेची सुरुवात त्या लेखापासून धरली जाते. त्याच वर्षी नवलरामांनी मोलिएरच्या प्रहसनावरून ‘भटनुं भोपाळुं’ हे नाटकही रचले. म्हणजे गुजरातीचा पहिला समीक्षक लोकांना हसवणारा नाटककारही होता.

हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही, कारण त्याची जमीन आधीच नांगरलेली होती. 22 जून 1844 रोजी सुरतेत मानवधर्म सभा स्थापन झाली. जादूटोणा, मंत्रतंत्र, जातिभेद यांवर तिथे उघड चर्चा होई आणि दुर्गाराम मेहताजी मांत्रिकांना जाहीर आव्हान देत. त्यांच्या सोबतीला मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर होते; ते तेव्हा सुरतेत शिक्षक होते. पुढे त्याच दादोबांनी मोरोपंतांच्या ‘केकावली’वर ‘यशोदा पांडुरंगी’ ही टीका लिहिली (1865). ऐकीव गोष्ट तपासून घेण्याची जी सवय सभेने लावली, तीच ग्रंथाच्या परीक्षणातही लागते. दरम्यान 1850 मध्ये अँड्र्यूज लायब्ररी निघाली आणि वाचायला सार्वजनिक जागा झाली.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, ‘करण घेलो’ शिक्षणखात्यातल्या इंग्रज अधिकाऱ्याच्या सूचनेवरून लिहिली गेली. ती लोकांच्या आवडीतून आलेली नव्हती. हे खरे आहे. परंतु सूचना वरून आली तरी वाचक वाघेला राजाच्या पराभवाच्या कथेत रमले, आणि नवलरामांना परीक्षण लिहायला कोणी भाग पाडले असे दिसत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पुस्तकेच मोजकी होती, वाचणारे बहुतेक शिकलेले उच्चवर्णीय पुरुष होते, म्हणून जो तो सगळेच वाचत असे, आज पुस्तके अमाप झाली, तेव्हा प्रत्येकाने आपले क्षेत्र निवडणे स्वाभाविकच. त्या वर्तुळाचा अरुंदपणा नाकारण्याचे कारण नाही. पण टंचाईमुळे माणूस हाती येईल ते वाचतो, एवढेच तिने सिद्ध होते. एक वाचन दुसऱ्याला धार कशी लावते, हे तिने उलगडत नाही. परक्या भाषेतले प्रहसन आपल्या लोकांना रुचेल असे रचताना कथेची पकड कुठे बसते आणि कुठे सुटते, हे लेखकाला हाताने शिकावे लागते. परीक्षणाला बसताना ते ज्ञान त्याच्यापाशी असते.

म्हणून पुस्तके निवडताना विविधता राखणे ही मला चैन वाटत नाही. नुसती कादंबरी वाचणाऱ्याला आपल्याला काय आवडले ते कळते, का आवडले ते निसटते. नुसती समीक्षा वाचणारा ज्या आनंदाची चिकित्सा चालली आहे, त्यालाच मुकतो. सुरतेत कादंबरीनंतर पारख यायला एक वर्ष लागले. आजच्या वाचकाला दोन्ही एकाच आठवड्यात घरी आणता येतात, आणि ती त्याने आणावीत.